सप्ताहातल्या कीर्तनाचे रेकॉर्डिंग: हेडफोनवर ठीक, मोबाईलवर महाराजांचा आवाजच गायब

मांडवाखालचा

राम कृष्ण हरी. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात रात्रीची सात कीर्तने आणि आठव्या दिवशी सकाळी काल्याचे, अशी आठ कीर्तने रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायची आहेत. प्रत्येक साधारण दोन तासांचे. हाताशी सोनी झेडव्ही-ई१० (१६-५० किट लेन्स), एक अँड्रॉइड फोन, झूम एच१एन रेकॉर्डर आणि ट्रायपॉड आहे. मांडव उघडा, वीज कधी लाईनची तर कधी जनरेटरची, साऊंडवाला बाहेरगावचा.

गेल्या खेपेला बिघडले ते असे:

१. मिक्सरच्या आउटपासून रेकॉर्डरपर्यंत पी-३८ (६.३५ मिमीची जाड पिन) ते ईपी (३.५ मिमीची बारीक पिन) वायर टाकली होती. हेडफोनवर आवाज बरा वाटतो. मोबाईलच्या स्पीकरवर मात्र महाराज जवळजवळ नाहीसेच, एडिटिंगमध्ये कॅमेऱ्याचा आवाज थोडा मिसळला होता तेवढाच उरतो.

२. कॅमेऱ्याच्या माईकवर गजर सुरू झाला की आवाज फाटतो, आणि गजर थांबला की पुढचे बोलणे थोडा वेळ दबलेले.

३. चित्रावर आडवे काळसर पट्टे सरकत राहतात.

४. सुरुवातीला ओठ जुळवले तरी शेवटाकडे आवाज निसटतो.

नवीन कॅमेरा घ्यावा का? की कॉलर माईक? खर्च वीस हजारांच्या आत बसवायचा आहे.

पी_अडतीस

कॅमेरा घेऊ नका. चारपैकी एकही दोष कॅमेरा बदलून जाणार नाही.

पहिला दोष वायरचा आहे. मिक्सरचा मेन आउट बॅलन्स्ड असतो, म्हणजे एकाच आवाजाच्या दोन प्रती, एक सुलटी आणि एक उलटी. तीन कड्यांची (धातूच्या तीन भागांची) पी-३८ पिन लावून दुसऱ्या टोकाला स्टीरिओ ईपी ठेवली की सुलटी प्रत डाव्या बाजूला जाते आणि उलटी उजव्या. हेडफोनवर दोन कान वेगळे, त्यामुळे ऐकू येते. नीट ऐकलेत तर आवाज डोक्याच्या मधोमध न बसता दोन्हीकडे पसरल्यासारखा पोकळ वाटेल. मोबाईलचा स्पीकर डावे-उजवे एकत्र करतो. सुलटे अधिक उलटे म्हणजे शून्य.

गेल्या वर्षीच्या फाइली टाकून देऊ नका. ऑडॅसिटीत स्टीरिओ ट्रॅक दोन मोनोत तोडा आणि खालच्यावर ‘इन्व्हर्ट’ लावा, किंवा सरळ उजवा काढून टाकून डावा दोन्हीकडे द्या. आवाज पूर्ण परत येतो.

यंदा मेन आउटला हात लावू नका. साऊंडवाल्याकडे दोन ऑक्स (मिक्सरचे वेगळे आउट, ज्यांत हवे तेच माईक पाठवता येतात) मागा, दोन्ही प्री-फेडर, म्हणजे आवाज वर-खाली करणाऱ्या सरकत्या फेडरच्या आधी निघणारे. शिट्टी आली की तो महाराजांचा फेडर खाली ओढणारच, प्री-फेडरवर तुमच्याकडे त्याचा परिणाम होत नाही. ऑक्स १ वर फक्त महाराजांचा माईक. ऑक्स २ वर पखवाज, पेटी आणि गायकांचे माईक. पहिला रेकॉर्डरच्या डाव्या बाजूला, दुसरा उजव्या. स्टीरिओ रेकॉर्डर म्हणजे तुमच्यासाठी दोन वेगळे ट्रॅक. आवाज आणि वाद्ये एकदा वेगळी मिळाली की बाकीचे घरी बसून दुरुस्त होते. एकत्र आली तर ती कुणालाच सोडवता येत नाहीत.

वायर अशी बनवून घ्या: एका टोकाला दोन मोनो पी-३८ (दोन कड्यांच्या, तीन नव्हेत), दुसऱ्या टोकाला एक स्टीरिओ ईपी. ऑक्सचा आउट कॅनन (तीन पिनांचा एक्सएलआर) असेल तर २ नंबरची पिन आवाजाची, १ नंबर ग्राउंड. ३ नंबर बहुतेक मिक्सरवर मोकळी सोडायची, आउटमध्ये ट्रान्सफॉर्मर असेल तरच ती १ ला जोडायची.

आता पातळी. मिक्सरची लाईन लेव्हल +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. माईकच्या वाटेला काही मिलिव्होल्टच अपेक्षित असतात. कॅमेऱ्याच्या माईक जॅकमध्ये ही लाईन घातली तर लेव्हल १ वर आणूनही आवाज फाटेल, कारण तो लेव्हलच्या चाकापर्यंत पोहोचण्याआधीच फाटलेला असतो. मीटर मात्र शांत दिसतो आणि माणूस फसतो. उपाय दोन रुपयांचा: प्रत्येक बाजूला १० किलोओहम मालिकेत आणि पुढे १ किलोओहम ग्राउंडला, की पातळी सुमारे २० डीबी उतरते. रेकॉर्डरला एवढे पुरते. कॅमेऱ्यातच द्यायचे असेल तर १ किलोऐवजी १०० ओहम, म्हणजे ४० डीबी. हे रेझिस्टर ईपी पिनेच्या डबीत मावत नाहीत, छोट्या प्लास्टिकच्या डबीत बसवा. एच१एनचा प्लग-इन पॉवर (जॅकमधून माईकला वीज देण्याची सोय) बंद ठेवा.

टाळांच्या_मागे

वरचे सगळे बरोबर, फक्त एक राहिले. मिक्सरमध्ये टाळ नसतात. पंधरा-वीस टाळकऱ्यांना कोण माईक लावतो? त्यांचा आवाज महाराजांच्या माईकमध्ये पाझरतो तेवढाच. नुसत्या ऑक्सवर काढलेले कीर्तन स्टुडिओत बसून म्हटल्यासारखे कोरडे लागते, गजराला अंग येत नाही. म्हणून मांडवाचा आवाज वेगळा घ्यावाच लागतो.

माझ्या मते एच१एन मिक्सरला बांधू नका, त्याला मांडवाच्या आवाजासाठी मोकळा ठेवा. खर्च करायचाच तर मिक्सरसाठी दोन कॅनन इनपुटचा दुसरा रेकॉर्डर घ्या. टास्कॅम डीआर-४०एक्ससारखा, ज्यात तोच आवाज कमी पातळीवर दुसऱ्या फाइलमध्येही साठवायची सोय असते. मिक्सरला जोडताना त्याचा ४८ व्होल्ट फँटम बंद आहे ना, ते आधी पाहा. कंडेन्सर माईकसाठीचे व्होल्टेज मिक्सरच्या आउटमध्ये उलटे घालायचे नसते.

एच१एनची जागा: टाळकऱ्यांच्या रांगेपासून अडीच-तीन मीटर पुढे, एका बाजूला, स्टँडवर डोक्याच्या वर साधारण सात-आठ फूट. खाली ठेवला तर पहिले दोन टाळकरीच ऐकू येतात, उंच केला की रांग एकजीव होते. स्पीकरच्या तोंडासमोर येऊ देऊ नका, पेटीच्या पातळीला तर मुळीच नको. उघड्या मांडवात माईकवर केसाळ टोपी हवी, स्पंजची वाऱ्याला पुरत नाही.

तुमच्या दुसऱ्या दोषात दोन रोग आहेत. फाटणे म्हणजे पातळी जास्त. नंतरचे दबणे म्हणजे ऑटो लेव्हल: टाळांचा कडकडाट ऐकून मशीन पातळी खाली खेचते आणि गजर थांबल्यावर हळूहळू वर आणते. तेवढ्यात महाराजांची दोन वाक्ये जातात. रेकॉर्डरवरही आणि कॅमेऱ्यावरही ऑटो बंद करा. पातळी ठरवताना महाराजांच्या बोलण्यावर ठरवू नका. कीर्तनाआधी टाळकरी बसले की त्यांना ‘जय जय रामकृष्ण हरी’ भर ताकदीने एकदा म्हणायला लावा, तेव्हा मीटर −१२ च्या आसपास राहील इतके ठेवा आणि नंतर चाकाला हात लावू नका. बोलणे −३० ला दिसले तरी घाबरू नका, २४ बिटमध्ये ते नंतर सुखाने वर येते.

कॉलर माईक: वारकरी कीर्तनात मी तो दुय्यम मानतो. उपरणे खांद्यावरून सतत सरकते, हातात टाळ, अंगात नाचणे. लावायचाच तर उपरण्यापासून दूर, सदऱ्याच्या पट्टीच्या आतून, वायरीचा एक छोटा वेढा टेपने धरून, म्हणजे ओढ माईकपर्यंत जात नाही. २.४ गिगाहर्ट्झचा बिनतारी संच गर्दीतल्या मोबाईलांमुळे आणि मध्ये आलेल्या माणसांमुळे तुटू शकतो. घ्याल तर ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्ड होणारा घ्या.

मांडवाखालचा

धन्यवाद माऊली. साऊंडवाल्याकडे एकच ऑक्स मोकळा असेल तर? आणि लाईनची वीज असताना वायर जोडली की बारीक ‘हूं’ येतो, तो कशाचा?

पी_अडतीस

एकच असेल तर त्यावर फक्त महाराज घ्या. पखवाज आणि पेटी एच१एनमध्ये येतातच.

‘हूं’ ५० हर्ट्झचा, ग्राउंड लूपचा. मिक्सर एका बोर्डावर, तुमचा अडॅप्टर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोघांचे अर्थिंग वायरच्या जाळीतून जोडले गेले. रेकॉर्डर सेलवर आणि कॅमेरा पॉवर बँकेवर चालवा, लूपच उरत नाही. तरीही राहिला तर मोटारीच्या ऑडिओवाल्याकडे मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मध्ये टाका, पण रेझिस्टरच्या डबीनंतर. आधी टाकलात तर त्याचा इवलासा ट्रान्सफॉर्मर भरून जातो आणि पखवाजाची धुम बोदी होते. अर्थिंगची पिन मोडून ‘हूं’ घालवणारे लोक भेटतील. मांडवात, ओल्या जमिनीवर, लोखंडी खांबांच्या मध्ये, हे कधीही करू देऊ नका.

फ्रेमवाला

पट्ट्यांचे सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. कॅमेरा एनटीएससीवर (६० हर्ट्झच्या विजेसाठीच्या व्हिडिओ पद्धतीवर) असला तर ३० फ्रेम आणि १/६० शटर, त्या दोघांचा मेळ बसत नाही आणि पट्टे सरकतात. मेनूत पाल (५० हर्ट्झची पद्धत) निवडा, २५ फ्रेम, शटर १/५०. हा बदल सप्ताहाच्या आधी रिकाम्या कार्डावर करा, कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला सांगू शकतो. जनरेटरवर फ्रिक्वेन्सी ५० वर स्थिर राहत नाही, तेव्हा फिकट पट्टा दिसू शकतो. महाराजांच्या अंगावर स्वतःचा एक चांगल्या ड्रायव्हरचा (न मिणमिणणारा) एलईडी लावला की तो निदान चेहऱ्यावरून जातो.

एक्सपोजर पूर्ण मॅन्युअल. पांढरा फेटा, पांढरा सदरा आणि मागे काळोख, ऑटो यात हमखास चुकतो. झेब्रा (जास्त उजळ भागावर रेघा दाखवणारी सोय) १०० वर ठेवून फेट्यावर रेघा येऊ लागल्या की थोडे खाली या. व्हाइट बॅलन्स उपरण्यावर एकदा ठरवून कुलूप लावा. किट लेन्स ५० मिमीला एफ/५.६ होते. त्याऐवजी एफ/१.८ची लेन्स मिळाली तर जवळपास सव्वातीन स्टॉप उजेड वाढतो, म्हणजे आयएसओ ६४०० चे काम ६४० वर होते. भाड्याने मिळते का पाहा.

दोन तास सलग चालवायला: ‘ऑटो पॉवर ऑफ टेंप’ हायवर, स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवलेला, यूएसबीतून पॉवर बँक आणि आत बॅटरी असू द्या. ४के १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी लागतात, फुल एचडी ५० ला साडेबावीस. दोन तासांच्या कीर्तनाला मी फुल एचडीच सांगेन, एका ६४ जीबी कार्डात एक कीर्तन बसते. व्ही३० खुणेचे कार्ड पुरते. फोन दुसरा कॅमेरा म्हणून टाळकऱ्यांवर लावा, पण मूळ ॲपमध्ये नको, त्यात फ्रेमरेट हलत राहतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲप तुमच्या फोनवर चालत असेल तर २५ फ्रेम पक्के करा. फोन एअरप्लेन मोडवर.

टाळांच्या_मागे

चौथा दोष राहिला. दोन यंत्रांची घड्याळे कधीच तंतोतंत नसतात. २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस) फरक म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंद, दोन तासांत १४४, आणि २५ फ्रेममध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे शेवटी साडेतीन फ्रेम. याहून बराच जास्त फरक असेल तर रेकॉर्डरचा सॅम्पल रेट ४४.१ वर आहे का ते तपासा, ४८ किलोहर्ट्झ हवा. टाळी वाजवायची गरज नाही, टाळांचा पहिला ठोका वेव्हफॉर्ममध्ये सुईसारखा उभा दिसतो. एक ठोका सुरुवातीला जुळवा, एक शेवटच्या गजरातला, आणि ऑडिओ तेवढा ताणा किंवा आखडा. ताणायचा कंटाळा असेल तर प्रत्येक चालीच्या आधीच्या शांततेत कापून सरकवा.

एक बारकावा: कॅमेरा स्टेजपासून १४ मीटर मागे असेल तर त्याच्या माईकपर्यंत आवाज पोहोचायला ४० मिलिसेकंद लागतात. वेव्हफॉर्मने आपोआप जुळवले तर ऑक्सचा आवाज ओठांपेक्षा एक फ्रेम मागे बसतो. जुळवून झाल्यावर तो एक फ्रेम आधी (टाइमलाइनवर डावीकडे) ओढा. आणि एच१एनचा ट्रॅक ऑक्सशी ठोक्यावर जुळवा, नाहीतर टाळ दुहेरी ऐकू येतात.

फ्रेमवाला

कार्डांचेही बघा, आठ कीर्तनांत तिथेच घोळ होतो. कार्डांवर पांढरी टेप लावून ‘कॅ-१’, ‘कॅ-२’, ‘रे-१’ असे लिहा. भरलेले कार्ड डबीत पालथे, रिकामे सुलटे. काढताना लॉकची खिटी सरकवायची. रोज रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर नकला, फोल्डरचे नाव ‘दिवस-०३_कीर्तन’ आणि आत कॅमेरा, फोन, ऑक्स, मांडव असे चार. दोन्ही नकला उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकल्याशिवाय फॉरमॅट नाही, आणि फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच. ऑक्सची फाइल तपासताना एकदा मोबाईलच्या स्पीकरवर वाजवून बघा. वायर उलटी असेल तर पहिल्याच रात्री कळेल, काल्याची वाट पाहावी लागणार नाही.

मांडवाखालचा

साऊंडवाल्याशी बोललो. दोन ऑक्स मोकळे आहेत, आउट कॅनन आहेत. वायर उद्या बनवायला टाकतो.

पी_अडतीस

मग मादी कॅनन दोन सांगा, आणि वायर निदान दहा मीटर. मिक्सर मांडवाच्या कडेला कुठे ठेवतील याचा आधी भरवसा नसतो.