न्यू जर्सी: पक्ष सोडून अनअफिलिएटेड मतदार व्हावं का?

रमा_एडिसन:
नमस्कार मंडळी. सिटिझनशिपची शपथ झाली त्याच दिवशी बाहेर टेबल मांडलेलं होतं, तिथे मतदार नोंदणीचा फॉर्म भरला आणि पक्षाच्या रकान्यात खूण केली. कुठला पक्ष ते लिहीत नाही, भांडणं नकोत. पण आता मन पार उडालंय. माझा भाऊ ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाच्या लोकांना 7 टक्क्यांची जी मर्यादा आहे ना, ती नोकरीवाल्यांसाठी काढायचं बिल 2019 ला हाऊसमध्ये 365 विरुद्ध 65 मतांनी पास झालं, पुढच्या वर्षी डिसेंबरात सिनेटनेही आपला वेगळा मसुदा पास केला, आणि दोन्ही जुळवून कायदा काही झालाच नाही. दोन्ही पक्ष हो म्हणाले आणि पोरं आहेत तिथेच. मग यांच्या यादीत माझं नाव कशाला? अनअफिलिएटेड, म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नसलेली मतदार, व्हावं म्हणते. नवरा म्हणतो नाव काढलंस तर जूनच्या प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला, मत देता येणार नाही. खरं आहे का हे?

ओकट्री_रोड:
रमाताई, आपल्या राज्यात तसं नाहीये. अनअफिलिएटेड मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन कुठल्या पक्षाचं बॅलट हवं ते सांगू शकतो, फक्त तसं केलंत की त्या पक्षात नोंद होते आणि परत बाहेर पडायला पुन्हा फॉर्म. पक्षातून बाहेर पडायचा फॉर्म मात्र प्रायमरीच्या 55 दिवस आधी पोचायला हवा, टाऊनच्या क्लार्ककडे दिला तरी चालतो. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कुणालाही मत द्या, नोंदणीचा काही संबंध नाही.

पण मनापासून सांगतो, आत्ता सोडू नका. आपल्याकडे इतकी वर्षं 21 पैकी 19 काउंटींत (जिल्ह्यांत) प्रायमरीच्या मतपत्रिकेवर ती 'लाईन' होती, म्हणजे काउंटीतल्या पक्षनेत्यांनी पसंत केलेले सगळे उमेदवार एकाच रांगेत ठळक आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, शोधत बसा. सिनेटसाठी उभे राहिलेले अँडी किम कोर्टात गेले, 2024 च्या मार्चमध्ये फेडरल जजने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली आणि 2025 ला दोन्ही पक्षांच्या प्रायमरी लाईनशिवाय झाल्या. बऱ्याच मतदारसंघांत नोव्हेंबरचा निकाल जूनमध्येच लागलेला असतो हो, आणि आता कुठे जूनच्या मताला वजन आलंय तर आपणच बाहेर जाऊन उभं राहायचं?

बाळू_एक्स्टन:
पेनसिल्व्हेनियात नवऱ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं असतं, आमच्याकडे प्रायमरी पूर्ण बंद, म्हणजे फक्त त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत. मी नाव काढलंय आणि परत घालणार नाही, जे पटत नाही त्याचा शिक्का मला नको. पण किंमत मोजावी लागते. इथे स्कूल बोर्डाचे उमेदवार दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उभे राहू शकतात, दोन्हीकडे जिंकले की नोव्हेंबरला समोर कोणीच उरत नाही. म्हणजे मुलांच्या शाळेचा निर्णय मे महिन्यातच होतो आणि मी घरी. हे मला फार लागतं.

फ्रीमाँट_शमा:
कॅलिफोर्नियावाल्यांनी एक बघा, कुठलाच पक्ष नको असेल तर फॉर्मवर 'नो पार्टी प्रेफरन्स' निवडा. 'अमेरिकन इंडिपेंडंट' हा खराखुरा पक्ष आहे, 1968 ला जॉर्ज वॉलेस त्याच्याच तिकिटावर उभे होते, लोक नाव बघून अपक्ष समजून तिथे टिक करतात आणि वर्षानुवर्षं कळतही नाही. ज्या माणसाचं राजकारण वर्णभेदावर उभं होतं त्याच्या पक्षात आपलं नाव, विचार करा!

रमा_एडिसन:
बाप रे. सगळ्यांचे खूप आभार. ओकट्री, पटतंय तुमचं पण भावाचा चेहरा समोर आला की राहवत नाही, मी फॉर्म भरणारच आहे. जूनला केंद्रावर जाऊन तेवढ्यापुरतं सांगेन कुठल्या बाजूने. पण मी टपालाने मत देते, मग?

ओकट्री_रोड:
मग अनअफिलिएटेड असताना प्रायमरीचं बॅलट आपोआप घरी येणार नाही, आधी पक्ष लिहून कळवावा लागेल. नाहीतर सरळ केंद्रावर या. आणि फॉर्म भरताना नीट बघा, फक्त पक्ष बदलायचाय, मतदार नोंदणी रद्द करायची नाही.