नि नो कुनी २ : आधी राज्य वाढवू की कथा पुढे नेऊ? (मदत हवी आहे)

बिनराज्याचा राजा :

नमस्कार मंडळी,

‘नि नो कुनी २ : रेव्हनंट किंगडम’ पीसीवर खेळलेलं कोणी आहे का इथे? गेम जुना आहे, २०१८चा, पण मला आत्ता सेलमध्ये मिळाला. कथेत मजा येतेय, राज्य चालवण्यात मात्र अडलोय. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

मी गुहागर तालुक्यात असतो. समुद्राजवळ पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय करतो. जुलैत पाहुणे नाहीत, लावणी आटपलेली, बाहेर धो धो पाऊस. म्हणजे गेम खेळायला वर्षातले हेच दिवस. आणि लाइट जायचेही हेच दिवस. वारा सुटून माडाची झापं तारेवर पडली की लाइट कधी तासाभरात येते, कधी दुसऱ्या दिवशी. इन्व्हर्टरवर पंखा आणि दोन दिवे चालतात. त्यावर लॅपटॉप लावलेला आईला खपत नाही. गेम चालू असताना लॅपटॉपची बॅटरी लगेच मान टाकते. डाउनलोड चिपळूणला मित्राच्या वायफायवर करून आणलाय, आता स्टीम (गेम ज्या ॲपवरून घेतला ते) ऑफलाइन मोडवर चालवतो. हे सगळं पाल्हाळ अशासाठी, की माझा मुख्य प्रश्न लाइटशी संबंधित आहे.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इव्हान नावाचा पोरगेलासा राजा, राज्याभिषेकाच्या दिवशीच त्याची गादी जाते. गादी बळकावतो तो माऊसिंगर, जातीने उंदीर. इव्हान मांजरांच्या वंशातला. मांजरांनी उंदरांना पिढ्यान्‌पिढ्या कसं वागवलं हे गेम झाकून ठेवत नाही, त्यामुळे मला तो माऊसिंगर काही निव्वळ खलनायक वाटला नाही. आपल्या जगातून तिथे जाऊन पडलेला रोलंड, मूळचा राष्ट्राध्यक्ष, इव्हानला घेऊन पळतो आणि दोघं मिळून नवं राज्य उभारायला निघतात. तेच एव्हरमोर. सगळ्यांनी सुखाने राहायचं, युद्ध नको, असं इव्हानचं स्वप्न.

तर चौथ्या प्रकरणात एव्हरमोर उभं राहिलं आणि गेमचा नूरच पालटला. तोवर गोल्डपॉसारखं भन्नाट शहर होतं. तिथे कर किती भरायचा, खटल्याचा निकाल काय, सगळं फाशांवर ठरतं! भाची सातवीत आहे, ती शेजारी बसून असते. गेममध्ये प्रत्यक्ष आवाज मोजक्याच प्रसंगांना दिलाय, बाकी नुसतं वाचायचं. मी ते तिला मराठीत वाचून दाखवतो, आवाज बदलून वगैरे. गोल्डपॉच्या वेळी तर आईसुद्धा स्वयंपाकघरातून येऊन बसली होती. आता एव्हरमोर आल्यावर दोघींचा रस गेला, कारण मी सारखा शस्त्रांचा वगैरे कारखाने बघत बसतो.

अडचण अशी. राज्याचा पैसा, केजी म्हणतात तो, खजिन्यात आपोआप जमतो. पण खऱ्या वेळेनुसार. संशोधनालाही तसाच खरा वेळ लागतो. मग लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, तर त्या वेळेचा पैसा मिळतो का? मोबाइलवरच्या गेमसारखं काही असेल असं मला वाटलं होतं, पण परत आल्यावर खजिन्यात तेवढेच पैसे दिसतात. लाइट असेल तेव्हा गेम नुसता चालू ठेवून शेतावर जावं का? की राज्याकडे साफ दुर्लक्ष करून कथा पुढे न्यावी? आणि तसं केलं तर पुढे कुठे पाय अडकणार आहे का?

दुसरं म्हणजे त्या सैन्याच्या लढाया. नकाशावर झेंडे दिसतात, तिथे गेलं की इव्हान मधे आणि भोवती चार तुकड्या. मला नेहमीची तलवारबाजी सहज जमते. इथे मात्र मिनिटभरात तुकड्या साफ होतात. बटणं दाबतोय, पण नेमकं काय करायचंय ते कळत नाहीये.

कृपया कथेचा रसभंग करू नका. भाची हे वाचणार आहे.

खाडीपलीकडे :

गाववाल्यानू, लाइट गेली काय खजिनो पण थांबता. गेम चालू आसात तेवढोच टायम धरता तो. म्हावितरणाक इव्हानाचा राज्य म्हायत नाय!

सुरंगी :

वरचं उत्तर बरोबर आहे. केजी फक्त गेम चालू असतानाच जमतो, संशोधनही तेव्हाच पुढे सरकतं. लॅपटॉप झोपवून ठेवलात तरी उपयोग नाही.

पण म्हणून गेम चालू ठेवून शेतावर जाऊ नका. खजिन्याला मर्यादा असते. पागोळीखाली ठेवलेलं पिंप भरलं की पुढचं पाणी वाहूनच जातं, तसंच हे. रात्रभर चालू ठेवलं तरी पिंपाएवढंच मिळणार, वर लॅपटॉप तापणार तो वेगळाच. राज्याची पातळी वाढली की ही मर्यादा वाढते आणि पैसा येण्याचा वेगही. त्यामुळे सुरुवातीला आलेला केजी शोभेच्या गोष्टींवर न घालवता राज्याची पातळी चढवण्याकडे वळवा. नवी पातळी गाठायला काय काय लागेल हे तिथेच लिहिलेलं असतं. इमारती आणि माणसं, दोन्ही पुरेशी लागतात.

माझी पद्धत सांगते. खेळायला बसलं की सगळ्यात आधी एव्हरमोरला जायचं, खजिना आणि जमलेलं सामान उचलायचं, सर्वांत जास्त वेळ लागणारं संशोधन सुरू करायचं आणि मग बाहेर पडून कथा खेळायची. ट्रिपडोअरने, म्हणजे एका ठिकाणाहून थेट दुसरीकडे नेणाऱ्या दारांनी, लगेच परत येता येतं, त्यामुळे मध्ये एकदा येऊन पुन्हा उचलायचं. संशोधन बघत बसायचं नाही. ते होतं आपलं आपण.

दुर्लक्ष करून चालेल का, याचं उत्तर : काही काळ चालेल. पुढे कथा स्वतःच थांबते आणि राज्य अमुक पातळीला न्या, मगच पुढचं, असं सांगते. कुठे ते सांगत नाही, रसभंग होईल. पण तोवर काहीच केलेलं नसेल तर एकदम भलामोठा डोंगर समोर येतो आणि बरेच लोक नेमके तिथेच गेम सोडून देतात.

जॉयस्टिकवाला :

मी सोडून देणाऱ्यांपैकीच. स्पष्ट सांगतो, राज्याचा भाग म्हणजे गेम लांबवण्यासाठी घातलेलं पाणी आहे. शांततेच्या गोष्टी करणाऱ्या राजाला इमारतींचे आकडे पूर्ण करायला लावायचे आणि वर घड्याळ लावून थांबवायचं, याला कथा म्हणत नाहीत. पहिल्या भागात स्टुडिओ जिब्ली या जपानी कंपनीची ॲनिमेशन होती, दुसऱ्यात जिब्लीच नाही. संगीत मात्र संगीतकार जो हिसाइशी यांचंच, तेवढ्यासाठी मी बराच वेळ टिकलो.

धागाकर्त्याने जेवढं अनिवार्य तेवढंच करावं. बाकी सगळं सोडून कथा पळवावी.

सुरंगी :

@जॉयस्टिकवाला, जिब्ली नाही हे खरं, पण पात्रांची रेखाटनं योशियुकी मोमोसे यांची आहेत आणि ते जिब्लीतूनच आलेले. ते असो. घड्याळाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माणसांबद्दल नाही. एव्हरमोरमध्ये येणारं प्रत्येक माणूस नावानिशी येतं, त्याला स्वतःचं कौशल्य असतं, आणि ते बहुतेक वेळा आपण त्याचं काहीतरी काम करून दिल्यावरच येतं. कोणाला हरवलेली वस्तू हवी, कोणाला घरच्यांची समजूत काढायचीये. मला तर मुख्य कथेपेक्षा ह्या छोट्या कामांमधूनच इव्हान राजा झाल्यासारखा वाटला. मुख्य कथेत तो फार भराभर मोठा होतो.

@बिनराज्याचा राजा, म्हणून भाचीसाठी एक उपाय. कारखाने तुम्ही एकटे असताना बघा. ती बसली असेल तेव्हा ही माणसं गोळा करायची कामं करा. वाचून दाखवायला भरपूर आहे, आणि तुमची लोकसंख्याही वाढेल. कोणाला कुठल्या इमारतीत लावायचं ते तिला ठरवू द्या. योग्य जागी योग्य माणूस बसवलं की कामाला फरक पडतो, आणि मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर जमतं.

शहरांमधून ‘स्विफ्ट सोल्यूशन्स’ नावाचं एक कार्यालय दिसेल. तिथली कामं साधी असतात : अमुक सामान आणून द्या, अमुक राक्षस मारा. बदल्यात टोकन मिळतात आणि टोकनांवर माणसंही मिळतात. ह्यासाठीच गोळा केलेलं सामान, अगदी लाकूडफाटा आणि भाजीपालासुद्धा, विकू नका. पुढे कोणीतरी नेमकं तेच मागतं.

मासळीबाजार :

सैन्याचं मी सांगतो, कारण मला गेममध्ये तेच सर्वांत आवडलं.

बटणं बडवून उपयोग नाही, तुकड्या फिरवायच्या असतात. तलवार हातोड्याला भारी, हातोडा भाल्याला भारी, भाला तलवारीला भारी. एवढं डोक्यात बसलं की निम्मी लढाई जिंकली. शत्रू समोरून भाले घेऊन येतोय आणि तुमची तलवारवाली तुकडी पुढे असेल तर ती चिरडलीच जाणार. कंट्रोलरच्या वरच्या दोन बटणांनी चारही तुकड्या इव्हानभोवती गोल फिरतात. हातोडेवाल्यांना पुढे आणा आणि मग भिडा. कीबोर्डवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ती बटणं सोयीची लावून घ्या, घाईत बोट सापडलं पाहिजे.

जी तुकडी मार खातेय ती शत्रूच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे मागे फिरवायची. लष्करी बळ म्हणून जो आकडा दिसतो तो खर्च करून तुकडीत पुन्हा माणसं भरता येतात. तो आकडा खास डावपेचांनाही लागतो, म्हणून सुरुवातीलाच उधळू नका. धनुष्यवाले वगैरे लांबून मारणारे एकदोन असावेत, चारही तसे घेतले तर शत्रू अंगावर आल्यावर पळता भुई थोडी होते.

आणि झेंड्यापाशी लढाईची पातळी दिसते ती बघा. तुमच्यापेक्षा फार वरची असेल तर कौशल्य दाखवायला जाऊ नका. खालच्या पातळीचे झेंडे पुन्हापुन्हा लढता येतात, सैन्याला अनुभव तिथेच मिळतो. एव्हरमोरमध्ये बराकी बांधल्यात का? नसतील तर आधी त्या बांधा.

बिनराज्याचा राजा :

सर्वांचे आभार. काल दुपारी लाइट होती तेवढ्यात सांगितलेलं करून पाहिलं.

हातोडा-भाला-तलवार हे सूत्र भाचीने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय आणि ती शेजारून ओरडते, “मामा, भाले आले, हातोडे फिरव!” दोन झेंडे जिंकलो. बराकी बांधल्या होत्या, पण तिथे माणूसच नेमला नव्हता, तो आता नेमला. कुठल्या इमारतीत कोण हे सगळं खातं तिच्याकडे दिलंय. तिने माझ्या दोन नेमणुका रद्द केल्या आणि खरंच बऱ्या जमल्यात.

@जॉयस्टिकवाला, घड्याळाचा राग मलाही येतो, विशेषतः आमच्याकडे. खजिना भरत आला की नेमकी लाइट जायची. पण मोठ्या नकाशावर कुठेही सेव्ह करता येतं, त्यामुळे आभाळ भरून आलं की मी आधी सेव्ह करतो.

दोन गोष्टी राहिल्या. नेहमीच्या लढाया आता फारच सोप्या वाटताहेत, एकेक राक्षस फटक्यासरशी पडतो. तो काही दोष आहे की असंच आहे? आणि भाची विचारतेय की हा दुसरा भाग आहे तर पहिला न खेळल्यामुळे आपलं काही चुकतंय का?

मासळीबाजार :

असंच आहे. गेम आला तेव्हा लोकांची हीच ओरड होती. मग २०१८मध्येच मोफत अपडेटमधून हार्ड आणि एक्सपर्ट असे दोन स्तर आले. सेटिंगमध्ये बघा. तुम्ही ऑफलाइन असलात तरी आता विकत घेतलेल्या गेममध्ये ते असणारच. एक्सपर्टला लगेच हात घालू नका, हार्ड पुरे.

सुरंगी :

भाचीला सांगा, काही चुकलेलं नाही. दुसऱ्या भागाची कथा पहिल्यानंतर शेकडो वर्षांनी घडते, पात्रं सगळी वेगळी. इव्हान ज्या डिंग डाँग डेलमधून पळाला ते शहर तेवढं पहिल्या भागात होतं. पहिला भाग खेळून आलेल्याला तिथे गेल्यावर थोडं ओळखीचं वाटतं, इतकंच.

तो नंतर खेळायचा असेल तर पीसीवर त्याची सुधारित आवृत्ती २०१९ला आलीये. त्यात राज्य नाही, खजिना नाही, घड्याळ नाही. छोटे प्राणी पाळायचे आणि त्यांना लढवायचं. लढाई मात्र ह्यापेक्षा अवघड आहे आणि कथा बरीच दुःखी. आई गेलेल्या मुलाची गोष्ट आहे. तिच्यासोबत खेळणार असाल तर सुरुवातीचा तासभर आधी एकट्याने बघून घ्या, मग ठरवा.

खाडीपलीकडे :

आणि तो डाउनलोड करूक पण चिपळूणाकच जावचा लागतला!