शब्दचर्चा : नाताळ

शाळेच्या फलकावर काल मी 'नाताळाच्या हार्दिक शुभेच्छा' असं लिहिलं. मधल्या सुट्टीत एक सहकारी बाई म्हणाल्या, 'नाताळच्या' करा, 'नाताळाच्या' कानाला बरं लागत नाही. संध्याकाळी मुलीला न्यायला आलेल्या एका पालकांनी विचारलं, "सरळ ख्रिसमस लिहा ना, नाताळ हा काय शब्द आहे?" मी शब्द पुसला नाही, पण त्यांना उत्तरही देता आलं नाही. नाताळ मूळचा कुठला? आणि त्याचं सामान्यरूप करायचं की नाही?

—

ताई, पुसला नाहीत हे फार बरं केलंत.

नाताळ आला पोर्तुगीजांकडून. त्यांच्या भाषेत 'नाताल' म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण, आणि तो शब्द लॅटिनमधल्या 'नातालिस'वरून, म्हणजे 'जन्माचा', 'जन्मदिवस'. पोर्तुगीजांना १५३४ साली वसई मिळाली, ती चिमाजीअप्पांनी घेतली १७३९ साली. एवढ्या दोनशे वर्षांत पाव, पगार, चावी, घमेलं, बिजागरी, कोबी आपल्याकडे आले, त्याच वाटेने नाताळ आला. पगाराला कुणी परका म्हणत नाही, मग नाताळाला का म्हणावं? ख्रिसमस हा शब्द इंग्रजीबरोबर आला, म्हणजे मराठीत तोच नवखा.

मूळ 'ल'चा 'ळ' झाला. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचा 'ल' जीभ मागे ओढून जड उच्चारतात, तो मराठी कानाला 'ळ'च्या जवळचा वाटला असणार. शिवाय सकाळ, पाताळ, दुष्काळ, आभाळ अशी आपल्याकडे 'आळ'ची रांगच आहे. तिथे नाताळ जाऊन बसला तो कायमचा.

पण मला या शब्दाचं खरं अप्रूप वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. लॅटिनमध्ये 'नातुस' म्हणजे जन्मलेला, आणि त्याचं जुनं रूप 'ग्नातुस'. त्यातला 'ग्न' आणि संस्कृत 'जन्' हे एकाच धातूचे. जन्म, जात, जननी ही सगळी त्याच घरची मंडळी. म्हणजे नाताळ आणि जन्माष्टमी हे शब्द एका खोडाच्या दोन फांद्या आहेत. एक फांदी रोमवरून लिस्बनला आणि तिथून समुद्रमार्गे वसईला आली, दुसरी इथेच वाढली.

उलट जे शब्द सख्खे वाटतात ते कधी कधी नसतात. आपला 'संत' आणि इंग्रजी 'सेंट' यांचं काही नातं नाही. संत हा 'सत्'मधला, 'अस्' म्हणजे असणे या धातूचा. सेंट आला लॅटिन 'सांक्तुस'वरून, म्हणजे पवित्र केलेला. सांताक्रूझमधला 'सांता' मात्र त्याच सांक्तुसचा. पोर्तुगीजमध्ये क्रूस स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'सांता'. सांताक्लॉजमधला सांताही तिथलाच, पण तो डच वाटेने आला : सिंट निकोलास, त्याचं सिंटरक्लास, आणि अमेरिकेत त्याचं सांताक्लॉज.

आता सामान्यरूप. नाताळ अकारान्त पुल्लिंगी, तेव्हा नियमाने 'नाताळाच्या'. पण दिवसांच्या आणि महिन्यांच्या नावांना आपण बोलताना थेट 'चा' लावतो : सोमवारचा उपास, मार्चचा हिशेब. नाताळ तसाच चालतो, म्हणून 'नाताळची सुट्टी'. 'त' लावताना मात्र 'नाताळात'च. तुमचं आणि तुमच्या बाईंचं, दोन्ही बरोबर.

—

जकार्त्यात नोकरीसाठी चार वर्षं होतो. पहिल्या डिसेंबरात दुकानादुकानांवर फलक लागले : 'सलामत हारी नाताल'. मी रस्त्यात उभा राहून तीनदा वाचला. 'हारी' म्हणजे दिवस, हे तोवर शिकलो होतो. 'सलामत' तर आपलाच, सर सलामत तो पगडी पचासमधला, अरबीतून दोन्हीकडे गेलेला. आणि नाताल! परदेशी भाषेतलं अख्खं वाक्य मला शब्दकोश न उघडता कळलं. इंडोनेशियात हा शब्द कसा पोचला?

—

दादा, त्याच जहाजांतून. हा शब्द कुठे कुठे उतरला ते पाहिलं की पोर्तुगीजांचा सागरी मार्ग डोळ्यांसमोर येतो. गुजरातीत नाताल, कोकणीत नाताल, श्रीलंकेत सिंहलीमध्ये 'नत्तल', आणि पुढे मसाल्यांच्या बेटांकडे जाताना मलायात नि तुमच्या इंडोनेशियात. दक्षिण आफ्रिकेचा किनाराही त्यातलाच. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाची जहाजं तिथून जात होती, म्हणून त्या मुलखाचं नाव नाताल पडलं. गांधीजींनी १८९४ मध्ये नाताल इंडियन काँग्रेस काढली, तो हाच प्रांत. ब्राझीलमध्येही नाताल नावाचं शहर आहे, २५ डिसेंबर १५९९ ला वसवलेलं.

बाकी युरोपात या सणाला प्रत्येकाने आपल्या मनातली गोष्ट नाव म्हणून दिली. फ्रेंच 'नोएल' आपल्या नातालिसचाच. जर्मन 'वाइनाख्टन' म्हणजे पवित्र रात्री. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमधला 'यूल' हा ख्रिस्ती धर्म तिकडे पोचण्याआधीचा, ऐन हिवाळ्यातल्या जुन्या सणाचा शब्द. सण बदलला, नाव राहिलं. क्रोएशियन आणि सर्बियन लोक 'बोझिच' म्हणतात, म्हणजे छोटा देव, बाळदेव. मला सगळ्यांत हे नाव आवडतं. पाळण्यातल्या देवाला आपणही असंच लाडाने बोलावतो. आणि इंग्रजी ख्रिसमस म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा, चर्चमधली सामूहिक उपासना. वसईकडच्या कॅथलिकांना मिस्सा सांगायला नको. त्यातली मध्यरात्रीची, तिला पोर्तुगीजमध्ये 'मिस्सा दु गालु' म्हणतात, कोंबड्याची मिस्सा.

जाता जाता, 'मेरी ख्रिसमस'मधली मेरी म्हणजे येशूची आई, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, दोष त्यांचा नाही. इथे 'मेरी' म्हणजे आनंदाचा. आई ती मराठी बायबलमधली मरिया.

नातालिसबद्दल एक राहिलं. रोममधले सुरुवातीचे ख्रिस्ती लोक हुतात्म्याचा 'नातालिस' म्हणत ते त्याच्या मृत्युदिनाला, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला. आपण जयंती आणि पुण्यतिथी वेगळ्या ठेवतो, त्यांनी एकाच शब्दात दोन्ही बसवल्या. ३५४ सालच्या एका रोमन पंचांगवजा संग्रहात अशा दिवसांची यादी आहे आणि तिच्या अगदी आरंभी २५ डिसेंबरला ख्रिस्ताचा बेथलेहेमात जन्म, अशी नोंद आहे. त्याच संग्रहात दुसऱ्या जागी त्याच तारखेला 'अजिंक्याचा नातालिस' आहे, तो सूर्यदेवाचा म्हणतात. सूर्याचा दिवस ख्रिस्ताला दिला, असं एक मत. दुसरं असं की २५ मार्चला मरियेच्या पोटी गर्भ राहिला असं धरून पुढे नऊ महिने मोजले. मला दुसरं पटतं. नऊ महिने मोजणं हा हिशेब कुठल्याही घरातला आहे.

—

माझं माहेर वसईचं. तुम्ही सगळे नाताळ शब्दावर बोलताय, मी 'गोठ्या'बद्दल विचारते. घराच्या दारात बाळ येशूचा देखावा करतात त्याला गोठा म्हणतात. पण बायबलमध्ये शब्द आहे गव्हाण. मग गोठा आला कुठून?

आमच्याकडे नाताळच्या पंधरा दिवस आधी नाचणी पेरायचे. पत्र्याच्या डब्याच्या झाकणात बोटभर माती, वर नाचणी, त्यावर ओलं फडकं. कोंब आले की फडकं काढायचं. चोवीस तारखेला बोटभर उंच, इतकं दाट की माती दिसत नसे. तेच गोठ्यापुढचं शेत. लग्नानंतर नागपूरला पहिल्या वर्षी नाचणी मिळाली नाही, तेव्हा गहू पेरले. शेजारच्या काकू वाकून बघत म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या घटासारखंच की."

—

ताई, हे तुम्ही लिहिलंत म्हणून चर्चा भरली.

लूकच्या शुभवर्तमानात खरोखर फक्त गव्हाण आहे. बाळाला गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, बस. बैल नाही, गाढव नाही, छप्परही नाही. पण गव्हाण म्हटली की वैरण आली, वैरण म्हटली की गुरं, आणि गुरं म्हटली की गोठा. ऐकणाऱ्यांनी तो मनातच उभा केला. १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरं गवत, खरा बैल, खरं गाढव आणून हा प्रसंग लोकांपुढे मांडला, आणि देखाव्याची चाल तिथून जोरात पसरली. पोर्तुगीज त्याला 'प्रेझेपिऊ' म्हणतात, त्याचंही लॅटिन मूळ गव्हाणीचंच. आपल्याकडे मात्र आतल्या गव्हाणीपेक्षा बाहेरचा गोठा डोळ्यांत भरला, म्हणून तेच नाव झालं. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत ही आपली श्रीमंती. देखाव्याला गोठा म्हणा, बाळ ठेवतात ती गव्हाण.

आणि तुमच्या गव्हाला सख्खी बहीण आहे क्रोएशियात. तिकडे १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, बशीत गहू पेरतात. नाताळपर्यंत तो हिरवागार होतो, मग त्याला लाल-पांढरी-निळी फीत बांधून मध्ये मेणबत्ती ठेवतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात ४ डिसेंबरला पेरतात. ही 'फीत'सुद्धा पोर्तुगीजच, बरं का.

—

सगळ्यांचे आभार. आज त्या पालकांना गाठून पगार, चावी आणि जन्माष्टमी, सगळं सांगितलं. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर 'नातालिस' लिहून घेतलं. फलकावर 'नाताळाच्या' तसंच ठेवलं आहे. खाली मुलांनी खडूने गोठा काढला, आणि सातवीतली एक मुलगी घरून नाचणी आणते म्हणाली. शाळेला सुट्टी लागायला नऊ दिवस आहेत. उगवेल का तेवढ्यात?

—

उद्याच पेरा. आधी रात्रभर भिजत घाला आणि उन्हाच्या खिडकीत ठेवा. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात.