शिडाच्या बोटीनं तटबंदीच्या शहरात: गेलेल्यांनी अनुभव सांगा

पुढच्या सप्टेंबरात आम्ही सहाजण क्रोएशियात आठवडाभर शिडाची बोट भाड्यानं घेऊन दुब्रोवनिकला जायचं म्हणतोय. सहांत माझ्या सासूबाई, वय ६८, पोहता येत नाही, पण मांडवीतल्या फेरीबोटीत कधी मळमळलं नाही एवढ्या भांडवलावर तयार झाल्यात. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, सगळ्यांचे केस वाऱ्यावर आणि हातात ग्लास, कामाचं कोणी बोलत नाही. म्हणून म्हटलं आपल्या गोंयकारांनाच विचारावं. पणजीत बसून वाट बघतेय, लिहा.

फोंड्याहून

ताई, आम्ही २०२३ च्या जूनमधे गेलेलो. पहिलं म्हणजे थेट जुन्या बंदरात शीड फडकवत शिरायचं स्वप्न सोडून द्या, तिथे लोक्रुम बेटाच्या लाँची आणि लहान होड्या असतात. भाड्याच्या बोटी मोठ्या पुलाखालून खाडीत आत कोमोलाचच्या मरिनात, म्हणजे खाजगी बोटी लावायच्या धक्क्यात, लावतात आणि तिथून शहरात बसनं यायचं. पण मरिनात शिरण्याआधी अर्धा तास वेगळा ठेवा आणि बोट शहराच्या तटबंदीसमोरून सावकाश न्या. आम्ही शीड उतरवलं, इंजिन अगदी हळू, आणि भिंत जवळ येत येत मान वर करावी लागली, काही ठिकाणी २५ मीटर उंच आहे म्हणजे आपली सात-आठ मजली बिल्डिंग धरा. वर एका खिडकीत कोणाची तरी निळी चादर वाळत होती. मला सगळ्यात तीच आठवते.

गंमत म्हणजे समुद्राकडची भिंत दीड ते तीन मीटर जाड आणि डोंगराकडची चार ते सहा, म्हणजे या दर्यावर्दी लोकांना पाण्यापेक्षा जमिनीची भीती जास्त होती.

तटावरून चालायचं असेल तर सकाळी ८ ला दारात उभं राहा. १९४० मीटरचा फेरा आहे, एकाच दिशेनं जायचं, सावली नाही, पायऱ्याच पायऱ्या, आणि आम्ही गेलो तेव्हा तिकीट माणशी ३५ युरो. सासूबाईंना पिले दरवाजाच्या (जुन्या शहरात शिरायचा मुख्य दरवाजा) आत ओनोफ्रिओच्या कारंज्यापाशी बसवा. १४३८ चं आहे, पाणी अजून येतं, बाटली भरून घेता येते.

आणि बोट ताब्यात घेताना फोटो काढा, बाहेरून, खालून, फेंडरसुद्धा (बोटीच्या कडेला धक्का लागू नये म्हणून लटकवतात ते फुगे) मोजून. आमच्या डिपॉझिटमधून एका फेंडरचे पैसे कापले जो मुळात नव्हताच. कंपनीचं नाव घेत नाही, आता काय उपयोग.

सासष्टीतून, निवृत्त तारवटी

पात्रांव, मी शिडानं नाही गेलो, क्रूझवर कॅबिन साफ करत गेलो, तरी समुद्रातूनच की. दुब्रोवनिक मी अकरा वेळा बघितलं, प्रत्येक वेळी चार तास. जहाज ग्रुझला, म्हणजे दुब्रोवनिकच्या मोठ्या बंदराला, लागायचं, मी बस धरून पिलेला, तिथून घरी फोन, एक कॉफी, परत. मुख्य रस्ता स्त्रादुन, त्याची फरशी पावलांनी इतकी गुळगुळीत झालीय की पाऊस पडला की माणसं धपाधप पडतात. क्रूझवाल्याचा सल्ला ऐका, त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते आधी बघा. आम्ही दुपारी चार-पाचला निघून गेलो की शहर मोकळं होतं, तुम्ही तेव्हा शिरा. अकराव्या खेपेला आमचं जहाज रात्री थांबलं तेव्हा कळलं मला.

म्हापशाहून

सगळे भिंतीचं सांगतायत, मी नांगराचं सांगतो. दुब्रोवनिकजवळच्या लोपुड बेटाच्या खाडीत आठ मीटर पाणी होतं, आम्ही वीस मीटर चेन सोडली आणि वाईन उघडली. रात्री दोनला वादळ आलं, मोबाईलचा अलार्म वाजला, वर येऊन बघतो तर शेजारची जर्मन बोट हाताच्या अंतरावर, म्हणजे ती नव्हती सरकली, आम्ही सरकलो होतो. चेन निदान खोलीच्या चार-पाच पट हवी, हे कोर्समधे शिकलेलो, पण लोळायची घाई. इकडे माडाच्या झावळ्या बघून वारा कळतो आपल्याला, तिथे ते नाही. उन्हाळ्यात दुपारी माएस्त्राल येतो तो वायव्येचा, शहाणा वारा. ईशान्येचा बुरा नावाचा वारा मात्र डोंगरावरून एकदम कोसळतो, त्याचा इशारा असेल तर त्या दिवशी निघूच नका. लायसन नसेल तर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, घ्या, पैसे जाऊदेत.

पेडण्याहून

दुब्रोवनिक बघा पण जवळचं स्टोन गाव चुकवू नका!! तिथेही तटबंदी, साडेपाच किलोमीटर अजून शिल्लक आहे, डोंगरावरून चढत जाते, आणि कशासाठी? मिठागरांसाठी. अगदी आपल्यासारखी चौकोनी आगरं, पाणी सुकवून मीठ. आमच्या आजोबांची मिठागरं होती, बांध फुटला तर घरात तीन दिवस कोणी बोलायचं नाही, आणि या लोकांनी १३३३ नंतर मिठाभोवती तटच बांधला! मी आगराच्या कडेला उभं राहून भावाला व्हिडिओ कॉल केला, तो म्हणाला हे आपलंच आहे ना. शेजारी माली स्टोनला कालवं मिळतात, लिंबू पिळून कच्चीच खातात. आपण सुक्यात घालतो तेच बरं, पण चव आहे.

कुंभारजुव्याहून

मी कुठेच गेलो नाही, तरी लिहितो. दुब्रोवनिकचं जुनं नाव रागुझा. तिथले व्यापारी सोळाव्या शतकात आपल्याकडे येत, आणि आमच्या शेजारच्या गवंडाळीच्या सां ब्राझ चर्चचं नातं त्यांच्याशी सांगतात, कारण सां ब्राझ हाच त्या शहराचा रक्षक संत. ३ फेब्रुवारीला फेस्त, तिथेही इथेही. त्याच्या मूर्तीच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती असते, तिथल्या दरवाजांवर बघा. जुन्या गोव्यालाही तट होता हो. तिकडे दुब्रोवनिकवर ६ डिसेंबर १९९१ ला युगोस्लाव सैन्यानं तोफा डागल्या, छपरं फुटली, आणि नवीन कौलं घालून शहर पुन्हा उभं केलं, वरून बघितलं तर नवी कौलं भडक दिसतात म्हणे. आपला तट झाडीत गेला. बघायला आलात तर कुंभारजुव्याच्या कालव्याच्या पाण्यात हात घालू नका, मगरी आहेत.

पणजीहून पुन्हा

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात आधी गवंडाळी, मग क्रोएशिया, आणि त्यांचा एक प्रश्न कोणीच सोडवला नाही: बोटीवर संडासाचं काय?

फोंड्याहून

हातपंप मारायचा ताई. कागद आत टाकायचा नाही. आमच्याकडे एकानं टाकला होता, त्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.