खड्डा आला की अँड्रॉइड ऑटो बंद: केबल, फोन की स्क्रीन?

रातराणी_४१२
गाडी २०२१ची, कंपनीचीच ८ इंची स्क्रीन, अँड्रॉइड ऑटो (फोनचा नकाशा, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) वायरनेच चालतं. फोन अँड्रॉइड १४. तक्रारी दोन. कधी केबल लावली की नुसतं चार्जिंग सुरू होतं, स्क्रीनवर काहीच येत नाही. आणि आलंच, तर खड्ड्यात किंवा गतिरोधकावर तुटतं, पाच-दहा सेकंदांनी पुन्हा जोडलं जातं. तोवर वळण मागे गेलेलं असतं. केबल फोनसोबत आलेली सी-टू-सी आहे, गाडीच्या जुन्या चौकोनी पोर्टसाठी पुढे छोटा कन्व्हर्टर लावलाय. सर्व्हिस सेंटर म्हणतंय स्क्रीन बदला. त्याआधी काय काय तपासून घ्यावं?

स्पॅनर१०
स्क्रीनचे पैसे आत्ता देऊ नका. आधी एवढंच बघा: तुटतं त्या क्षणी स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो का? लोगो आला तर स्क्रीनचाच वीजपुरवठा तुटतोय, म्हणजे मागचा कनेक्टर किंवा अर्थिंग सैल आहे. तेही बहुधा स्क्रीन न बदलता सुटतं. लोगो न येता नुसता गाडीचा होम मेनू आला, एफएम लावलं तर ते वाजतं, तर स्क्रीन ठणठणीत आहे आणि दोष यूएसबीच्या वाटेवर आहे.

माझा पहिला संशय त्या कन्व्हर्टरवर. साध्या यूएसबीत चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन डेटाच्या. विजेची तार क्षणभर सुटली तर चार्जिंग लगेच पुन्हा सुरू होतं, कुणाला कळतही नाही. डेटाची सुटली की फोन आणि गाडीची ओळखपाळख पहिल्यापासून होते. तुमचे पाच-दहा सेकंद त्यातच जातात. कन्व्हर्टर म्हणजे मधे आणखी एक सांधा, शिवाय त्याचं वजन पोर्टवर लोंबकळतं. थेट ए-टू-सी केबल घ्या (एका टोकाला गाडीचा चौकोनी ए, दुसऱ्याला फोनचा सी), १ मीटर किंवा त्याहून आखूड, आणि खोक्यावर डेटा ट्रान्सफर लिहिलेली. नाक्यावरच्या स्वस्त चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या तारा अनेकदा नसतातच.

केबलची परीक्षा गाडीत नको, लॅपटॉपवर करा. फोन जोडा, वरून नोटिफिकेशन ओढा, यूएसबीच्या ओळीवर टिचकी मारून ‘फाइल ट्रान्सफर / अँड्रॉइड ऑटो’ निवडा. हा पर्याय येतच नसेल तर दुसरी केबल लावून बघा. येत असेल तर केबलची दोन्ही टोकं हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवा. लॅपटॉप टुंग-टुंग करायला लागला की ज्या टोकाला हात आहे तिथेच दोष.

टोक फोनच्या बाजूचं निघालं तर आधी पोर्ट साफ करा. खिशातला कापसाचा गाळ तळाशी दाबून बसतो, मग पिन पूर्ण आत जात नाही. चांगल्या पोर्टमध्ये केबल ‘टक्’ करून बसते आणि कडेला फट दिसत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकचं टोक तासून पातळ करा, मधल्या पट्टीला न लावता कडेकडेने गाळ उकरा. सुई, टाचणी नको. आतले धातूचे संपर्क ओरबाडले की फोनच दुरुस्तीला.

गाडीच्या पोर्टकडेही बघा. दोन असतील तर अनेकदा एकच डेटाचा असतो. नुसतं बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असलेल्या पोर्टवर अँड्रॉइड ऑटो जन्मात येणार नाही.

काळीपिवळी
स्पॅनरशी सहमत. केबलचं निस्तरल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

‘नुसतं चार्जिंग’ चांगल्या केबलवरही राहिलं, तर नोंदी दोन्हीकडून पुसायच्या. लोक फक्त फोनमधली पुसतात आणि गाडी जुनीच ओळख धरून बसते. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अँड्रॉइड ऑटो’ शोधा (अँड्रॉइड १० पासून ते फोनमध्येच असतं, वेगळं आयकॉन दिसत नाही), आधी जोडलेल्या गाड्यांच्या यादीतून सगळ्या काढा. ब्लूटूथमधूनही गाडी काढा. मग गाडीच्या फोन-यादीतून तुमचा फोन काढा. गाडी सुरू करून, फोन अनलॉक ठेवून केबल लावा आणि येतील त्या सगळ्या परवानग्या द्या. एखादी नाकारली की ते अर्धवट अडकतं.

यानंतरही दर वेळी ‘फाइल ट्रान्सफर’ हाताने निवडावं लागत असेल, तर सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीतल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ‘डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन’मध्ये तेच ठेवा. अँड्रॉइड ऑटोची बॅटरी सेटिंग ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. काही फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात त्याला मधेच झोपवतात.

आणखी एक. इग्निशन अर्धं फिरवून केबल लावली आणि मग स्टार्टर मारला, तर व्होल्टेज पडतं आणि काही स्क्रीन पोर्ट बंद-चालू करतात. आधी इंजिन, मग केबल.

गाडीची बॅटरी अलीकडे बदलली असेल तर स्क्रीनवरची तारीख बघून घ्या. तारीख मागे गेलेली असेल तर फोनला गाडीच्या स्क्रीनचं डिजिटल प्रमाणपत्र (ओळखीचा दाखला) पटत नाही आणि तो जोडणीच नाकारतो.

आडवाट
मधेच विचारतो. हे सगळं टाळून वायरलेस डोंगल (वायरचं ऑटो वायरलेस करणारी छोटी डबी) लावला तर? पण टोलनाक्यावर वायरलेस तुटतं असं ऐकलंय. फास्टॅगमुळे का?

काळीपिवळी
फास्टॅगवर उगाच आळ. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, वायरलेस अँड्रॉइड ऑटो साधारण ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर. ब्लूटूथचं काम फक्त सुरुवातीची ओळख करून देण्यापुरतं, नंतरचा नकाशा आणि आवाज वायफायवरून जातो.

डोंगल त्याच डेटा-पोर्टमध्ये लागतो, म्हणून गाडीचा पोर्ट सैल असेल तर दुखणं तसंच राहणार. मूळ स्क्रीनमध्ये वायरचं अँड्रॉइड ऑटो असेल तरच तो चालतो, आणि फोन अँड्रॉइड ११ किंवा वरचा हवा. वायरलेस तुटण्याची नेहमीची कारणं म्हणजे फोनवर व्हीपीएन चालू, हॉटस्पॉट चालू, पार्किंगमध्ये घरच्या वायफायची अर्धी कांडी धरून बसलेला फोन, किंवा ‘वायफायवर इंटरनेट नसेल तर सोडून दे’ असली हुशार सेटिंग. डोंगलच्या वायफायवर इंटरनेट नसतंच, ते मोबाइल डेटावरून येतं. त्यामुळे ती हुशारी आधी बंद करा.

मे महिन्यात वायरलेस चार्जिंग पॅडवर फोन ठेवून वायरलेस ऑटो चालवू नका. तापला की फोन स्वतःच वेग कमी करतो आणि दोष डोंगलला जातो. एसीच्या झोतासमोर होल्डर लावा.

चारचाकी_चष्मा
आयफोनवाले कुणी वाचत असतील तर: केबल आणि पोर्टचं सगळं तसंच. कारप्लेला (आयफोनचं अँड्रॉइड ऑटोच म्हणा) सिरी चालू लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सेटिंग्ज > जनरल > कारप्लेमध्ये गाडी निवडून ‘फर्गेट’ करा आणि पुन्हा जोडा. गाडीचं नावच येत नसेल तर स्क्रीन टाइमच्या निर्बंधांत कारप्ले बंद आहे का ते पाहा. मुलांसाठी लावलेले निर्बंध बरेचदा तिथेच राहून जातात.

रातराणी_४१२
लोगो येत नाही. लॅपटॉपवर कन्व्हर्टरसकट केबल हलवली की टुंग-टुंग, कन्व्हर्टर काढून थेट सी पोर्टला लावली की शांत. फोनच्या पोर्टमधूनही बोटभर कापूस निघाला. आता १ मीटरची ए-टू-सी लावलीय, त्याच खड्ड्यांच्या रस्त्यावर दोन दिवस एकदाही तुटलं नाही. एकच राहिलंय: नकाशा स्क्रीनवर माझा, पण फोन आला की आवाज स्पीकरवर येत नाही, मोबाइल कानाला लावावा लागतो.

स्पॅनर१०
बोटभर जरा जास्तच वाटतोय, पण असो. वायर लावली तरी अँड्रॉइड ऑटोमध्ये कॉलचा आवाज ब्लूटूथवरूनच जातो. घरातला दुसरा फोन गाडीच्या ब्लूटूथला आधी चिकटत असेल, किंवा गाडीची फोन-यादी भरली असेल, तर तुमच्या फोनला जागाच मिळत नाही. यादीतले जुने फोन काढा, तुमच्या फोनला प्राधान्य द्या. मग फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावाशेजारच्या दातेरी चाकाच्या चिन्हावर टिचकी मारून ‘फोन कॉल्स’ चालू आहे ना ते पाहा. ते बंद असेल तर कॉल सोडून बाकी सगळं चालतं.