घोट्याच्या हाडात ऑस्टिऑइड ऑस्टिओमा निघालाय, आरएफए करावं की ऑपरेशन?

धाकट्याची_ताई
नमस्कार, माझा भाऊ 17 वर्षांचा आहे, गेलं वर्षभर उजवा घोटा दुखतोय, दिवसा चालताना थोडंच पण रात्री इतकं की झोपेतून उठून बसतो आणि नॅप्रोक्सेन ही पेनकिलर घेतली की थोड्या वेळात दुखणं शांत होतं. एक्सरे नॉर्मल आला, आधी मुरगळलंय म्हणाले, मग एमआरआयमध्ये सांध्यात पाणी आणि घोट्यातल्या टॅलस हाडात सूज दिसली म्हणून संधिवाताच्या सगळ्या रक्ततपासण्या झाल्या, त्याही नॉर्मल. आता नवीन डॉक्टरांनी सीटी करायला लावला तर टॅलसच्या नेकवर, म्हणजे त्या हाडाच्या मानेसारख्या भागावर, 6 मिमीचा गोल ठिपका, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची हाडातली छोटी गाठ म्हणतायत. कॅन्सर नाही हे स्पष्ट सांगितलंय, पण सुईने जाळता येईल (त्याला आरएफए म्हणतात) किंवा दुर्बिणीतून काढता येईल, विचार करून सांगा म्हणाले. आम्हाला यातलं काय कळणार? एवढ्या तपासण्यांत हे आधी दिसलं कसं नाही, आणि बायोप्सी न करता नाव कसं देतात?

सीटी_रूम
ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे, रिपोर्ट न बघता बोलतोय एवढं लक्षात ठेवा. ही गाठ जास्त करून मांडीच्या आणि नडगीच्या लांब हाडात होते, तिथे खऱ्या गाठीभोवती, म्हणजे नायडसभोवती, हाड जाड होतं आणि ते एक्सरेत दिसतं. सांध्याच्या आत झाली की हाड फारसं जाड होतच नाही, उलट सांधा सुजतो, पाणी भरतं, म्हणून संधिवात वाटतो. एमआरआय सूज छान दाखवतो पण त्या सुजेतच एवढासा नायडस हरवतो. पातळ कापांचा, साधारण 1 मिमीचा सीटी केला की तो बहुतेकदा लगेच सापडतो. म्हणून मी नेहमी सांगतो, तरुण मुलगा, रात्रीचं दुखणं, असल्या पेनकिलरने ठळक आराम आणि एक्सरे नॉर्मल, एवढं जुळलं तर दुखऱ्या जागेचा सीटी मागा. नायडसमध्ये प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं आणि सूज वाढवणारं रसायन, खूप तयार होतं आणि या गोळ्या तेच बनणं थांबवतात, म्हणून आराम पडतो. (कुणी हे वाचून लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊन बघू नका, त्यांच्यात रेय सिंड्रोम या मेंदू आणि यकृताच्या गंभीर आजाराचा धोका असतो.)

बायोप्सीबद्दल, लक्षणं आणि सीटी दोन्ही जुळले तर बरेच जण आधी वेगळी बायोप्सी करत नाहीत, जाळण्याआधी त्याच सुईच्या वाटेने तुकडा घेतात. पण हाडातला छोटा पू, म्हणजे ब्रॉडी अ‍ॅब्सेस, आणि स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक भेग, हे दोन्ही असेच फसवतात, ते नाहीत ना हे जरूर विचारा.

पाठीचा_पेशंट
मला हीच गाठ मणक्याच्या मागच्या भागात, लॅमिनात होती. पाठ एका बाजूला वाकायला लागली तेव्हा सगळे पोश्चर सुधार म्हणायचे, पण वाकाबरोबर रात्रीचं दुखणं असेल तर ते पोश्चर नसतं हो! लवकर काढली तर वाक बहुतेकदा आपोआप सरळ होतो, फार उशीर झाला तर राहून जाऊ शकतो. माझा नायडस नसेला (मज्जातंतूला) अगदी खेटून होता, जाळलं तर नसेला उष्णता लागेल म्हणून सर्जनने ओपन ऑपरेशनच सुचवलं आणि मी तेच केलं. म्हणून माझं मत, आरएफए चांगलं की ऑपरेशन चांगलं असं विचारूच नका, नायडसच्या शेजारी काय आहे ते विचारा.

सीटी_रूम
अगदी बरोबर. आरएफएमध्ये सुईचं टोक साधारण 90 अंशांवर 5-6 मिनिटं ठेवतात, टोकाभोवतीचं थोडंच हाड जळतं, 10 पैकी 9 जणांना तेवढ्यात बरं वाटतं, उरलेल्यांना पुन्हा करता येतं. पण घोट्यात कातडी, कूर्चा आणि पुढून जाणारी नस-रक्तवाहिनी सगळंच जवळ असतं. नायडस हाडाच्या आत खोल असेल तर आरएफए उत्तम. टॅलसच्या नेकवर अगदी पृष्ठभागावर असेल तर दुर्बिणीतून काढणं जास्त सोयीचं, सांध्याचं सुजलेलं अस्तरही साफ होतं आणि तपासायला चांगला तुकडा मिळतो. सीटीची फिल्म समोर ठेवून कातडीपासून आणि नसेपासून किती मिलिमीटर आहे ते डॉक्टरांना मोजून दाखवायला सांगा.

धाकट्याची_ताई
खूप खूप आभार दोघांचे, खरंच धीर आला. अजून एक, काहीच न करता नुसत्या गोळ्यांवर थांबलं तर?

फिजिओ_मावशी
काही जणांची ही गाठ काही वर्षांत आपोआप शांत होते हे खरं आहे, म्हणून थांबणं चूक नाही, पण तुमच्या भावाच्या बाबतीत मला पटत नाही. सांध्यात सूज टिकून राहिली तर घोटा आखडतो, पिंडरी बारीक होते, कूर्चा झिजण्याची भीती असते, आणि वर्षानुवर्षं रोज नॅप्रोक्सेन म्हणजे पोट आणि किडनी दोन्हींवर ताण. आरएफएनंतर रात्रीचं दुखणं बहुतेकांचं काही दिवसांतच जातं आणि मुलं लगेच खेळायला पळतात, तिथे त्याला अडवा, जळलेला भाग भरेपर्यंत हाड थोडं कच्चं असतं, धावणं-उड्या डॉक्टर सांगतील तेव्हाच. नंतरच्या एमआरआयमध्ये सूज काही महिने दिसू शकते, तेवढ्यावरून घाबरू नका, पण पूर्वीसारखं रात्रीचं दुखणं परत आलं तर मात्र लगेच दाखवा.