डक्टेबल एसी चालू असताना पॅन भरून वाहतो, बंद केला की ड्रेनमधून धो धो पाणी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत स्प्लिट, कॅसेटची कामं बारा वर्षं करतोय. डक्टेबल (पत्र्याच्या डक्टमधून दुकानभर थंड हवा सोडणारा एसी) पहिल्यांदाच अंगावर घेतलंय आणि आता मलाच घाम फुटलाय.

साड्यांचं दुकान, पहिला मजला. प्रत्येकी साडेआठ टन कूलिंगची दोन युनिटं फॉल्स सीलिंगच्या वर लटकवलीत. डक्ट २४ गेज जीआय पत्र्याचा, वरून नायट्रिल रबरचं इन्सुलेशन. कॉपरच्या गॅस लाइनीबद्दल शंका नाही: नायट्रोजन सोडत ब्रेझिंग केलं, रात्रभर प्रेशर धरून ठेवलं, व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली नेला. कूलिंग झकास. भांडण आहे ते पाण्याशी.

चालू करून दीडेक तास झाला की पॅनच्या (कॉइलखालच्या पाण्याच्या ट्रेच्या) पुढच्या कोपऱ्यातून थेंब सुरू होतात. बरोबर खाली पैठण्यांचा काउंटर. मालकांनी तिथे बादली ठेवलीय आणि गिऱ्हाइकासमोर माझ्याकडे बघतात. युनिट बंद केलं की मागच्या गल्लीत पाइपातून मिनिटभर धो धो पाणी येतं. म्हणजे लाइन तुंबलेली नाही. उतार दोनदा मोजला, मीटरला सेंटिमीटरपेक्षा जास्तच आहे. दोन्ही युनिटांच्या २५ मिमीच्या लाइनी एकत्र करून पुढे ३२ मिमी पीव्हीसी खाली सोडलीय. गणपती तोंडावर आलेत, चाकरमान्यांची खरेदी सुरू होईल. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
ट्रॅप दिलाय का? म्हणजे ड्रेनच्या पाइपात पाणी धरून हवा अडवणारं यू वळण.

धागाकर्ता:
नाही. स्प्लिटला कधी द्यावा लागला नाही, म्हणून सुचलंच नाही.

प्रतिसाद २:
पाणी अडतंय म्हणजे हवा आडवी येतेय. लाइनीवर एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून वर उघडा व्हेंट, म्हणजे हवेसाठी तोंड, द्या. प्लंबिंगमध्ये आम्ही तेच करतो.

प्रतिसाद ३:
वरच्या भाऊंचं ऐकू नका, निदान ट्रॅपच्या अलीकडे तरी नको. तिथे व्हेंट दिला तर हवा तिथूनच आत शिरेल आणि ट्रॅप असून नसल्यासारखा. व्हेंट द्यायचाच तर ट्रॅपनंतर.

दादा, आधी एक करा. युनिट चालू ठेवून ड्रेनच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर उत्तर मिळालं. तुमच्या युनिटात ब्लोअर, म्हणजे पंखा, थंड कॉइलनंतर आहे, तो कॉइलमधून हवा खेचतो. त्यामुळे पॅनपाशी कायम ओढ असते. पाणी बाहेर पडायला बघतं आणि त्याच पाइपातून बाहेरची हवा आत घुसते. पाणी पॅनमध्येच अडून राहतं. ब्लोअर थांबला की ओढ संपते आणि साठलेलं सगळं एकदम सुटतं. उतार वाढवून यात काही फरक पडत नाही.

थेंबाथेंबाचा मामला समजू नका. या हवेत साडेआठ टनांचं युनिट तासाला दहा-बारा लिटर पाणी सहज काढतं. आणि दोन्ही लाइनी ट्रॅपशिवाय जोडल्यात, तिथे दुसरी गोम आहे. एक युनिट बंद असेल तर चालू असलेलं त्याच्या पॅनमधूनही हवा खेचणार. प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅप द्या, मग एकत्र करा.

माप असं: जास्तीत जास्त ओढ पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजा, त्यात २५ मिळवा. पॅनच्या तोंडापासून ट्रॅपचं बाहेरचं तोंड तितकं खाली हवं. त्याच्याही खाली, वळणात, निदान त्याच्या निम्मं पाणी उभं राहिलं पाहिजे. मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी चालते. एक टोक ड्रेनला घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा, नळीचा यू करून पाणी भरा आणि दोन्ही पातळ्यांतला फरक बघा. फिल्टर मळलेला धरून मोजा. मळका फिल्टर ओढ वाढवतो. स्वच्छ फिल्टरवर माप घेतलं तर दोन महिन्यांनी बादली परत येईल.

धागाकर्ता:
उदबत्ती लावली. मालकांना वाटलं पूजा चाललीय. धूर सरळ आत! नळी लावली: स्वच्छ फिल्टरवर २२ मिमी, पुठ्ठा लावून फिल्टर अर्धा झाकला तर ३५. म्हणजे ६० खाली आणि वळणात ३०. अडचण अशी की पॅनच्या तोंडाखाली फॉल्स सीलिंगपर्यंत मोजून ८५ मिमी जागा आहे. पाइपाची जाडी धरली तर ट्रॅप बसत नाही.

प्रतिसाद ३:
युनिट वर घ्या. रॉडला आटे असतीलच, नट फिरवा. डक्टच्या जोडाला लवचिक कॅनव्हासची पट्टी असेल तर ४०-५० मिमी तो सहज सोसतो. नसेल तर लावा, तसंही थरथर डक्टमध्ये जाऊ नये म्हणून तो हवाच. वर घेताना ड्रेनच्या बाजूला जरासा कल राहू द्या. ट्रॅपच्या वरच्या बाजूला टोपीवाला टी ठेवा. बुळबुळीत शेवाळ धरलं की तिथून गरम पाणी ओतता येतं. आणि चालू करण्याआधी त्याच टीमधून ट्रॅप पाण्यानं भरा. कोरडा ट्रॅप म्हणजे ट्रॅप नाहीच.

धागाकर्ता:
एका युनिटाचं काम काल रात्री दुकान बंद झाल्यावर केलं. ४५ मिमी वर घेतलं, ट्रॅप भरला, चार तास चालवलं. गल्लीत करंगळीएवढी सलग धार. पॅनचा कोपरा कोरडा. पण डिफ्युझरच्या (सीलिंगमधल्या हवेच्या जाळीच्या) कॉलरशी अजून थेंब दिसतात, ते पॅनचे नक्की नाहीत. हात लावला तर पत्राच ओला आहे.

प्रतिसाद ३:
तो डक्टचा घाम. कॉलरवर रबर अर्ध्यातच संपवलं असणार. आतून तेरा-चौदा डिग्रीची हवा आणि बाहेर कोकणातला श्रावण. ३० डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर २७ डिग्रीलाच दव पडतं. बोटभर पत्रा उघडा राहिला तरी टपकणार. रबर डिफ्युझरच्या फ्रेमपर्यंत न्या, सांध्यांवर फॉइल टेप मारा. आणि मालकांना दुकानाचा काचेचा दरवाजा लावून घ्यायला सांगा, दिवसभर सताड उघडा असतो ना?

धागाकर्ता:
असतो! दार बंद दिसलं तर गिऱ्हाईक चढत नाही म्हणतात. डोअर क्लोजरचा खर्च मीच घालतोय, बादलीपेक्षा स्वस्त. दुसरं युनिट सोमवारी, दुकानाला सुट्टी असते.